140 मिमीचा नको, तुमच्या वजनाला दबणारा फोर्क घ्या

प्रश्न : मी साताऱ्यात राहते, वजन 58 किलो. सायकल 27.5 इंची चाकांची असून पुढे 100 मिमीचा (म्हणजे तेवढा दबू शकणारा), स्प्रिंगवर चालणारा कॉइल फोर्क, चाक धरणारा चिमटा, आहे. यवतेश्वरकडच्या दगडगोट्यांच्या वाटेनं उतरताना मनगटं भरून येतात, पण फोर्क जेमतेम दोन बोटं दबतो. दुकानदार 140 मिमीचा घ्या म्हणतात. घ्यावा का? आणि घरी बसवता येईल का?

उत्तर : 140 मिमीचा अजिबात घेऊ नका. आहे तेच 100 मिमी तुम्ही वापरत नाही आहात, मग जास्तीचे 40 काय कामाचे? उलट सायकलचं नाक वर येईल, हेड अँगल, म्हणजे हँडलखालच्या नळीचा कल, साधारण दोन अंशांनी मागे झुकेल, चढावर पुढचं चाक भरकटेल आणि फ्रेमच्या गळ्यावर नको तेवढा ताण येईल.

दुखणं स्प्रिंगचं आहे. स्वस्त कॉइल फोर्कात एकच स्प्रिंग येते, आणि ती बहुधा तुमच्यापेक्षा बऱ्याच जड माणसाच्या बेतानं घातलेली असते. वरची प्रीलोडची चकती कितीही फिरवा, स्प्रिंग फक्त आधीपासून कमीजास्त दाबलेली राहते. तिचा ताठपणा बदलत नाही. हलक्या स्वारांना, त्यातही बायकांना आणि शाळकरी मुलांना, हा त्रास हमखास होतो आणि दुकानात त्यांना कुणी वजन विचारत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. तुम्हाला हवेवर चालणारा 100 मिमीचा फोर्क हवा. हवा कमी केली की तो तुमच्या वजनाला मऊ होतो. रॉकशॉक्सची ज्युडी मालिका किंवा सनटूरचा रेडॉन बघा, आणि रिबाउंडचा, म्हणजे दबलेला फोर्क किती वेगानं परत वर येतो ते ठरवणारा, स्क्रू असलेलाच घ्या.

पैसे देण्याआधी मात्र कॅलिपर घेऊन बसा. फ्रेमच्या हेडट्यूबचा (ज्या नळीतून फोर्क वर जातो तिचा) आतला व्यास वर-खाली दोन्हीकडे 34 मिमी असेल, तर सरळ 28.6 मिमीचीच स्टीअरर ट्यूब (फोर्कची वरची नळी) बसेल. खाली रुंद होणारी टेपर्ड बसणार नाही. 44 मिमी असेल, तर बेअरिंगची खालची वाटी हेडट्यूबच्या बाहेर राहणारी लावून टेपर्डही चालते. पुढचा हब 9 मिमी क्विक रिलीजचा असेल आणि फोर्क 15×110 चा (15 मिमी जाड आस, 110 मिमी रुंद हब) आणलात, तर हबही बदलावा लागेल. वापरलेला फोर्क स्वस्तात मिळाला, तर त्याची स्टीअरर ट्यूब आधीच आखूड कापलेली नाही ना, हे मोजून बघा.

घरी बसवता येतो. जुन्या फोर्कच्या नळीच्या बुडाची रेस (बेअरिंग टेकतं ती कडी) सपाट पात्यानं चहूबाजूंनी थोडी थोडी उचलत काढा आणि नव्यावर सरळ बसवा. ती एका बाजूला तिरकी राहिली तर हँडल अडखळतं. मग हेडसेट (हेडट्यूबमधली बेअरिंगं), स्पेसर (मधल्या कड्या), स्टेम (हँडल धरणारा तुकडा) चढवून फोर्क वर दाबून धरा, स्टेमच्या वरच्या कडेला नळीवर रेघ मारा आणि रेघेच्या 3 मिमी खाली कापा. हँडलची उंची नक्की ठरली नसेल तर 10 मिमी जास्त ठेवून स्टेमवर एक स्पेसर घाला. स्टार नट (टोपीचा बोल्ट ज्यात आवळतो तो) नळीत साधारण 15 मिमी आत, सरळ ठोका. त्याला तिरका जायची फार खोड असते, म्हणून हे एक काम दुकानातून करून घेतलंत तरी चालेल. आधी स्टेमवरच्या टोपीचा बोल्ट, मग स्टेमचे बोल्ट, त्यावर लिहिलेल्या टॉर्कएवढेच घट्ट. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलवा. हेडसेटच्या सांध्यावर ठेवलेल्या बोटाला खडखड जाणवली, तर स्टेम सैल करून टोपी किंचित आवळा.

आता हवा. फोर्कसाठीचा शॉकपंपच वापरा. फोर्कच्या पायावरच्या तक्त्यातल्या आकड्यापासून सुरुवात करा, किती दबला ते दाखवणारी रबरी रिंग त्याच्या नळीवर नसेल तर झिप टाय बांधा, पाठीवर पाण्यासकट सॅक घेऊन पेडलवर उभ्या राहा. फोर्क 15 ते 20 मिमी दबला पाहिजे. मग तीच वाट उतरा. सगळ्यात वाईट खड्ड्यातही 60-70 मिमीच्या पुढे जात नसेल, तर 5 पीएसआय कमी करा. वर येताना हँडल उसळत असेल, तर रिबाउंड एक-एक टिचकीनं मंद करा.

पावसाळ्यात कासच्या पठाराचा लाल चिखल फोर्कच्या नळ्यांवरच्या सीलच्या (रबरी कड्यांच्या) कडेला साठतो. तो दरवेळी ओल्या फडक्यानं पुसा. प्रेशरचं पाणी तिथे मारू नका.