तेरवी झाली, पाहुणे गेले. आता आईकडे कोण बघेल?

प्रश्न: ताई, आम्ही न्यू जर्सीत राहतो. गाव यवतमाळ जिल्ह्यात, घाटंजी तालुक्यात. डिसेंबरात बाबा हार्ट अटॅकने अचानक गेले. मी पोहोचलो तोवर सगळं उरकलं होतं. तेरवी करून परत आलो. आता आई एकटी आहे. रोज व्हिडिओ कॉल करतो, तर म्हणते, "मले का धाड भरली, तुमी बरे राहा तिकडं." चुलतभाऊ मात्र सांगतो, की ती रात्र रात्र ओसरीत बसून असते. तिला इकडे घेऊन येऊ का?

उत्तर: दादा, बापाचं शेवटचं तोंडही पाहायला मिळालं नाही, हे तुमच्या पत्रात एका ओळीत आलंय, पण सगळं पत्र त्यानंच भरलंय. त्याकडे येते. आधी आई.

एवढ्यात तिला तिकडे नेऊ नका. दिवसभर तुम्ही दोघं कामावर, बाहेर बर्फ, आणि तुमच्या बाबांना ओळखणारं शेजारी कुणी नाही. गावात निदान त्यांचं नाव निघतं.

पहिले तेरा दिवस आपल्याकडे माणूस एकटं पडत नाही. घरात चूल पेटत नाही, शेजारून जेवण येतं, बाया गळ्यात पडून रडतात, रात्री कुणीतरी सोबतीला झोपतं. तेरवीची पंगत उठली की जो तो आपल्या कापसाकडे वळतो. त्यात कुणाचा दोष नाही, पण आईचे खरे कठीण दिवस तिथून सुरू होतात. जोडीदार गेल्यावर पहिल्या काही महिन्यांत मागे राहिलेल्याच्याही मृत्यूचा धोका वाढतो, हे अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसलं आहे. झोप मोडते, जेवण सुटतं, बीपी-शुगरच्या गोळ्या राहतात. म्हणून हा गावाच्या आरोग्याचा प्रश्न आहे असं मी ठामपणे म्हणते. बाळंतिणीच्या घरी आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी जाते, थेट बेचाळिसाव्या दिवसापर्यंत. ज्या घरातून माणूस गेलं, त्या घरी जायचा एकही दिवस तिच्या वहीत ठरलेला नाही.

हे जमण्यासारखं नाही असंही नाही. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' या मानसिक आरोग्याच्या कार्यक्रमानं गावातल्याच माणसांना शिकवून घरोघरी पाठवलं. २०१३ साली तिथं नैराश्य असलेल्यांपैकी ४.३ टक्के लोकांना कुठली तरी मदत मिळत होती, २०१५ मध्ये २७.२ टक्क्यांना. गावात बोलणारं माणूस असलं की लोक बोलतात.

तुमच्या गावात ती व्यवस्था तुम्हालाच लावावी लागेल. चुलतभावाला सांगा, आठवड्यातून एकदा आईच्या गोळ्यांच्या पट्टीचा फोटो पाठव. "बरी हाव" यापेक्षा ती पट्टी खरं सांगते. "जेवलीस का" विचारू नका, "आज काय रांधलं" विचारा. चार दिवस ओळीनं वरणभात किंवा नुसता चहा ऐकू आला, तर शेजारच्या काकूंना फोन करा. आशाताईचा नंबर घ्या आणि स्वतः बोला, नम्रपणे. तिच्यावर आधीच कामाचा ढीग आहे. रात्री सोबतीला एखादी भाची किंवा नात झोपायला आली तर फार फरक पडतो. १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलतात. तो गावातूनच लावायचा, म्हणून भावाच्या मोबाइलमध्ये टाकून ठेवा. "आता जगून काय करू" असं ती म्हणाली, तर वाट पाहू नका, त्याच दिवशी लावायला सांगा. आणि सहा महिने उलटूनही तिला त्यांच्याशिवाय दुसरं काही सुचत नसेल, रोजची कामं ठप्प असतील, तर यवतमाळला मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. जागतिक आरोग्य संघटनेनं अशा रेंगाळलेल्या शोकाला आजारांच्या यादीत घेतलेलं आहे. लाजायचं कारण नाही.

कागदांचं थोडक्यात: वारस नोंदीसाठी तलाठ्याकडे तीन महिन्यांत कळवायचं असतं. सातबाऱ्यावर आईचं नाव लागलंच पाहिजे. शेत विकायची गोष्ट मात्र हे वर्ष कुणीही काढली तरी ऐकू नका.

तिचं कुंकू, बांगड्या, हळदीकुंकवाला बोलावणं यावरून कुणी टोचत असेल, तर तुम्ही भावकीत स्पष्ट बोला. विधवा प्रथा बंद करायचा ठराव मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं केला आणि राज्य सरकारनं त्याच महिन्यात सगळ्या ग्रामपंचायतींना तसं आवाहन केलं. मुलगा बोलला की गाव ऐकतं.

हे वाचणाऱ्यांपैकी काहींच्या घरी मृत्यू आत्महत्येनं झाला असेल. आपल्या भागात हे लपवून लपणारं नाही. तिथं पंचनामा, कर्जवसुली, शेतकरी आत्महत्येच्या सरकारी मदतीसाठी 'पात्र की अपात्र' ही चौकशी, या सगळ्यात रडायलाच सवड मिळत नाही. अशा घराला वर्षभर जास्तच जपा, आणि मुलांपासून खरं लपवू नका. शाळेत त्यांना कुणीतरी सांगतंच.

आता तुम्ही. अमेरिकेत अशा वेळी पगारी रजा द्यावी असा केंद्रीय कायदा नाही, त्यामुळे तुम्ही विमानातून उतरून थेट कामावर गेला असाल. बायकोशी, मित्राशी बाबांविषयी बोला. मुलांसमोर डोळे भरले तर भरू द्या. कंपनीकडून समुपदेशनाची सोय असेल तर नक्की वापरा.

आणि तिकीट काढाल ते वर्षश्राद्धाचं काढू नका, जूनचं काढा. कोणतं बियाणं, किती तूर, किती कापूस, हे आजवर बाबा ठरवत होते. पेरणीच्या दिवसांत आईला ते सगळ्यात जास्त आठवतील. तेव्हा दोन आठवडे घरी राहा, कृषी केंद्रात तिला सोबत घेऊन जा, आणि काय पेरायचं ते तिला ठरवू द्या.