पैसा आला कुठून, हे विचारायचंच

चि. पोरी, अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालीस, "काका, गिऱ्हाईक आपल्याच लातूरकडचं आहे, त्याला कसं विचारू?" तेव्हापासून चैन नाही. मांडवीतल्या कॅसिनोत कॅश काउंटरला बसतेस ना? मग पैसा आला कुठून, हे विचारायचंच.

तो महिन्यात तीनदा येतो. दर खेपेला साडेनऊ लाख रोख देऊन चिप्स घेतो, दोन-चार डाव खेळतो, उरलेल्या चिप्स मोडून चेक मागतो. चेक वटला की काळी रोकड 'कॅसिनोत जिंकलो' म्हणून खात्यात बसली. दहा लाखांच्या आत राहिलं की सुटलो, असं त्याला वाटतं. तुझ्या साहेबांनाही वाटत असेल, तर तेही चुकतात. महिन्याभरातले एकमेकांशी जोडलेले रोख व्यवहार मिळून दहा लाखांवर गेले की कळवावेच लागतात. संशयास्पद व्यवहार कळवायला तर रकमेची अटच नाही.

म्हणे शेतीचा पैसा! अगं, तू सोयाबीन काढणाऱ्याची लेक. चार एकर कोरडवाहू, एकरी आठ क्विंटल धर, 2024-25 चा हमीभाव 4,892. दीड लाखाच्या थोडं वर जातं, तेही बी-खत-मजुरी न वजा करता. एवढा हिशेब तुला येतो, मग घाबरतेस कशाला?

मी घाबरलो होतो. बँकेच्या शाखेत असताना दामदुप्पटवाला एकजण रबरबँड लावलेली बंडलं पिशवीत घालून यायचा, दरवेळी नऊ लाखांच्या आसपास. मी चहा मागवायचो, स्लिपवर सही करायचो. ठेवींचं टार्गेट होतं, वरून रोज फोन यायचे, माणसं अपुरी. हे सगळं खरं होतं, आजही सांगतो. पण तो पळाल्यावर एक म्हातारी पदरात गुंडाळलेली त्याची पावती घेऊन माझ्या केबिनसमोर दुपारभर उभी राहिली. बँकेचा शिक्का नव्हता त्यावर, तरी ती माझ्याकडेच बघत होती. मी एकदा विचारलं असतं तर? पैसा आला कुठून, एवढंच.

फेब्रुवारी 2016 मध्ये बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेचे 8 कोटी 10 लाख डॉलर चोरीला गेले. मनिलातल्या खात्यांत आले आणि त्यातले बरेचसे तिथल्या कॅसिनोंत जिरले. फिलिपिन्सच्या मनी लाँडरिंगच्या, म्हणजे काळा पैसा पांढरा करण्याविरुद्धच्या, कायद्यात तेव्हा कॅसिनो नव्हतेच, पुढच्या वर्षी घातले. आपल्याकडच्या कायद्यात ते 2009 पासून आहेत. म्हणजे तुला विचारायचा हक्क आहे, कोणावर मेहरबानी नाही.

आता कर काय ते. तुमच्या प्रिन्सिपल ऑफिसरना ईमेल टाक. तिन्ही तारखा, वेळा, रकमा, खेळला किती आणि चेक केवढ्याचा मागितला, सगळं लिही. असे व्यवहार तपासणाऱ्या दिल्लीच्या सरकारी फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटला कळवणं त्यांचं काम. त्या माणसाला यातलं अवाक्षर सांगायचं नाही, कायद्यानेच मनाई आहे. गाववाला असला तरी.

साहेब रागावतील. रागावू देत. ईमेल गेला की मला फोन कर, रात्रीचे दोन वाजले तरी चालतील. मी जागाच असतो.

तुझा,
काका