नवा टीव्ही, जुनी भिंत आणि घरातली पोरं: वाचकांचे प्रश्न

गणपती-महालक्ष्म्या तोंडावर आल्यात, मागोमाग दसरा-दिवाळी, म्हणजे इंदूरात नवीन टीव्ही घ्यायचा सीझन. महाराणी रोडवरून टीव्हीचा खोका ऑटोत आडवा टाकून नेणारी मंडळी दिसायला लागतील, त्यांना आधीच सांगतो, खोका उभाच न्या, काचेची बाजू सीटकडे करून. आडवा ठेवला की मधल्या भागाला आधार राहत नाही, एका खड्ड्यात पॅनल तडकतं आणि बाहेरून काही कळतही नाही, घरी चालू केल्यावर समजतं. या वेळी बहुतेक पत्रं टीव्ही लावण्याबद्दलच आलीत, म्हणून सगळा अंक त्यालाच.

सुदामानगरहून एक वाचक: दादा, आम्ही ५५ इंची घेतला. घराला आत्ताच रंग दिलाय म्हणून सासरे म्हणतात भिंतीला होल करायचे नाहीत, शोकेसवरच ठेवा. फिटिंगवाला पाय लावून गेला. मुलगी अडीच वर्षांची आहे, दिसेल तिथं चढते. असंच चालेल ना?

वहिनी, असंच नाही चालणार, आणि तुमचं पत्र सगळ्यात वर घेतलंय ते यासाठीच. जुना डबा टीव्ही जड होता पण बूडही तेवढंच मोठं होतं. आताचा ५५ इंची साधारण १२ ते १७ किलोचा, चार फूट रुंद, सव्वादोन फूट उंच आणि जाडी बघितली तर चार बोटं. त्याला वरच्या कडेला धरून लहान पोरानं थोडं जरी ओढलं तरी तो पुढं येतो, कारण पाय पुढं-मागं फार पसरलेले नसतात. आणि पोर नुसतं ओढत नाही, आधी शोकेसचा खालचा ड्रॉवर उघडतं, त्यावर पाय देतं, मग दुसरा उघडतं, म्हणजे जिनाच झाला, आणि तेवढ्यात शोकेसच पुढं झुकतं टीव्हीसकट. हे मोठ्या माणसाच्या डोळ्यादेखत होतं, दोन पावलं टाकायलाही वेळ मिळत नाही.

आता उपाय. टीव्हीच्या मागं बघा, चौकोनात चार स्क्रूची भोकं असतात, भिंतीवर टांगायची पट्टी तिथंच बसते. पाय लावले असले तरी ती भोकं बहुतेक मोकळीच राहतात. वरच्या दोन भोकांत मापाचे बोल्ट घालून त्याला मजबूत नायलॉनचा पट्टा लावायचा आणि दुसरं टोक मागच्या भिंतीतल्या हुकाला. अँटी-टिप स्ट्रॅप म्हणून हा पट्टा तयार मिळतो. पट्टा ताणलेला हवा, लोंबता ठेवला तर टीव्ही अर्धा पडल्यावर अडवणार, काय उपयोग. सासऱ्यांना सांगा, दोनच होल होतील, तेही टीव्हीच्या पाठीमागं, कोणाला दिसणार नाहीत, उद्या घर बदललं तर पुट्टी भरून रंगाचा एक हात मारला की झालं. शोकेसपण असंच भिंतीला बांधायचं, नुसता टीव्ही बांधून भागत नाही.

शोकेसची रुंदीही मोजून घ्या. ५५ इंचीचे पाय बऱ्याच मॉडेलमध्ये पार दोन्ही टोकांना असतात, पाय कडेवर टेकले असतील तर शोकेस बदला, खाली बुटका रुंद टेबल घ्या. रिमोट, बाहुली, चॉकलेट काहीही टीव्हीच्या वर किंवा मागं ठेवू नका, पोर त्याच्यासाठीच चढतं. आणि हो, जुना डबा टीव्ही आतल्या खोलीत कपाटावर नेऊन ठेवला असेल तर तो आजच्या आज खाली उतरवा. २९ इंची डबा ४० किलोच्या आसपास भरतो आणि त्याचं बहुतेक वजन पुढच्या काचेत असतं, तो पडतो तो तोंडावरच.

मल्हारगंजहून एक काका: आमचं घर जुनं, भिंती दीड फुटाच्या, माती-चुन्याच्या. ४३ इंची टांगायचा आहे. मिस्त्री म्हणतो चार गिट्ट्या (स्क्रू धरणारे प्लास्टिकचे प्लग) मारल्या की काम झालं. किती उंचीवर लावू?

काका, मिस्त्रीला आधी एक बारीक होल मारायला सांगा आणि बर्म्याबरोबर बाहेर काय येतं ते स्वतः उभं राहून बघा. लाल भुकटी आली तर वीट, राखाडी आली आणि ड्रिल रडायला लागलं तर काँक्रीट, पांढरी मऊ भुकटी येतच राहिली तर नुसतं प्लास्टर किंवा हलके ब्लॉक. तुमच्याकडे बहुतेक पिवळट माती येईल आणि होल आपोआप मोठं होत जाईल. अशा भिंतीत प्लास्टिकची गिट्टी धरत नाही, आज घट्ट वाटते, पावसाळ्यात ओल आली, माती भुसभुशीत झाली की वरचे दोन स्क्रू हळूहळू बाहेर यायला लागतात. तुमच्या भिंतीला मी टांगायचं नाहीच म्हणेन. खाली जड बुटकं टेबल, त्यावर टीव्ही, आणि वर सांगितला तसा पट्टा, पण तो मातीत नाही तर लाकडी खांबाला किंवा चौकटीला बांधायचा. जुन्या घरांमध्ये भिंतीतून लाकडी खांब गेलेले असतात, तुमच्याकडेही असेल, ठोकून बघा, आवाजात फरक कळतो.

ज्यांच्या भिंती पक्क्या विटांच्या आहेत त्यांनी एवढंच बघावं की गिट्टी प्लास्टरमध्ये न अडकता विटेत आतपर्यंत गेली पाहिजे, प्लास्टरच अर्धा-पाऊण इंच असतं. नवीन फ्लॅटमधल्या हलक्या ब्लॉकांना वेगळ्या लांब गिट्ट्या येतात, जिप्समच्या पार्टिशनला आतल्या लोखंडी पट्टीतच स्क्रू गेला पाहिजे. टीव्ही बाहेर ओढून वळवायचा जो लोखंडी हात मिळतो तो फक्त पक्क्या भिंतीसाठी, टीव्ही दीड फूट पुढं ओढला की वरच्या स्क्रूवरचा ओढा कित्येक पट वाढतो. स्विचबोर्डच्या सरळ वर किंवा सरळ खाली ड्रिल मारू नका, वायर तिथूनच गेलेली असते, आणि ड्रिलपुरती त्या खोलीची एमसीबी पाडून ठेवा, ड्रिलला वीज दुसऱ्या खोलीतून घ्या.

पट्टी घेताना टीव्हीमागच्या चार भोकांमधलं अंतर मिलिमीटरमध्ये मोजा, २०० बाय २००, ४०० बाय ४०० असं मॅन्युअलमध्ये छापलेलंही असतं. बोल्टची लांबीसुद्धा मॅन्युअलमध्ये असते ती तशीच घ्यायची. लांब बोल्ट जोर लावून फिरवत राहिलं तर तो आत जाऊन बोर्डाला लागतो, हे फार होतं, फिटिंगवाला घाईत असला की खिशातला कुठलाही बोल्ट लावतो.

उंचीचं म्हणाल तर बसल्यावर नजर जिथं जाते तिथं स्क्रीनचा मध्य यायला पाहिजे, सोफ्यावर बसून बघणाऱ्यांना जमिनीपासून साडेतीन फूट. दिवाणावर किंवा गादीवर बसत असाल तर आणखी खाली. लोक दुकानातल्यासारखा वर छताकडे लावतात आणि महिनाभरात मान धरते. ४३ इंचीला साडेपाच-सहा फूट अंतर पुरे, ५५ ला सात फूट.

एरोड्रम रोडहून: दुकानदारानं टीव्हीबरोबर स्टॅबिलायझर गळ्यात मारला. लागतो का? आणि विजा चमकतात तेव्हा नुसता रिमोटनं बंद केला तर चालतो?

मागच्या स्टिकरवर इनपुट १००-२४० व्होल्ट असं लिहिलं असेल तर रोजच्या कमी-जास्त व्होल्टेजसाठी स्टॅबिलायझर लागत नाही, आतला पॉवर सप्लाय ते सांभाळून घेतो. डबा टीव्हीच्या काळातली सवय आहे ती.

खरं नुकसान दोन गोष्टींनी होतं. एक म्हणजे न्यूट्रल, म्हणजे विजेची परतीची वायर, तुटणं. लाइनचा न्यूट्रल खांबावर सैल झाला किंवा तुटला की तुमच्या २३० च्या जागी ४०० च्या जवळपास व्होल्टेज घरात येऊ शकतं. ओळखायची खूण म्हणजे एका घरातले दिवे अचानक भगभगीत आणि शेजारी एकदम मंद. असं दिसलं की विचार न करता मेन स्विच पाडा आणि १९१२ ला फोन करा. घरात पुन्हा पुन्हा होत असेल तर मेन बोर्डात ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर बसवून घ्या, व्होल्टेज मर्यादेबाहेर गेलं की तो सप्लाय तोडतो.

दुसरं वीज पडणं. रिमोटनं बंद केलेला टीव्ही स्टँडबायवर असतो, म्हणजे लाइनला जोडलेलाच. प्लग काढायला पाहिजे, आणि नुसता प्लगच नाही तर डिशच्या छत्रीची केबल पण, कारण ती सरळ गच्चीवरून येते, लोक हेच विसरतात. राउटरवरून टीव्हीला लॅन वायर असेल तर तीही. हे सगळं आभाळ भरून आलं की करायचं, डोक्यावर कडकडाट सुरू झाल्यावर वायरींना हात लावायला जाऊ नका. स्पाइक गार्ड चांगलाच, पण त्याच्या आतला भाग झटके खाऊन खाऊन संपतो, प्रोटेक्शनचा दिवा विझला की नवीन घ्या, आणि घराला अर्थिंग धड नसेल तर तो पूर्ण काम करत नाही, एकदा इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग मोजून घ्या.

लोकमान्यनगरहून एक ताई: आमच्या हॉलमध्ये एकच मोठी भिंत, त्यामुळे महालक्ष्म्या टीव्हीच्या समोरच बसतात, मागं पडदा लावून टीव्ही झाकतो. काही प्रॉब्लेम?

ताई, झाकलात तर टीव्ही पूर्ण बंद, प्लग बाहेर, तिन्ही दिवस. चालू टीव्ही पडद्यामागं ठेवायचा नाही, त्याच्या मागच्या जाळीतून गरम हवा बाहेर पडते, एरवीसुद्धा चारी बाजूंनी चार बोटं जागा मोकळी हवी. जमलं तर तीन दिवस टीव्ही दुसऱ्या खोलीत न्या, दोघांनी धरून, हात कडांना, स्क्रीनला बोटं न लावता.

मला जास्त काळजी समईची आणि माळांची वाटते. पडदा, झेंडूच्या माळा, साड्या, थर्माकोल, सगळं पेट घेणारं, आणि एकाच एक्स्टेंशनला टीव्ही, लाइटिंगच्या पाच माळा, टेबल फॅन, आणि त्या एक्स्टेंशनला पुढं अजून एक एक्स्टेंशन. बोर्डला हात लावून बघा, गरम लागला तर लोड जास्त झालाय. माळांना वेगळा सॉकेट द्या, रात्री झोपताना काढा. समई पडद्यापासून हातभर लांब आणि कोणी जागं असेपर्यंतच. टीव्हीवर फुलांचा गजरा किंवा पाण्याचा तांब्या ठेवायचा नाही, पाणी मागच्या फटीतून सरळ आत जातं. कधी जळका वास आला, धूर दिसला तर पाणी ओतायचं नाही, आधी मेन बंद, आग वाढत असेल तर सगळे घराबाहेर आणि १०१ किंवा ११२.

विजयनगरहून: बाबांची तक्रार आहे की नवीन टीव्हीवर चेहरे लालभडक आणि पसरट दिसतात, मालिका नाटकासारख्या वाटतात, आणि बोलणं ऐकूच येत नाही.

बाबांचं बरोबर आहे, डोळ्यांचा दोष नाही. पहिल्यांदा चालू करताना टीव्ही विचारतो घर की दुकान, कोणीतरी दुकान दाबलं असेल, सेटिंगमध्ये जाऊन होम मोड करा. मग पिक्चर मोड व्हिव्हिडवरून सिनेमा किंवा स्टँडर्डवर आणा, पहिले दोन दिवस फिकं वाटेल, नंतर तेच बरं वाटतं. नाटकासारखं दिसतं ते मोशन स्मूदिंगमुळे, कंपनीगणिक नाव वेगळं, मोशन शब्द शोधा आणि बंद करा. चेहरे पसरट म्हणजे जुना चौकोनी चॅनल ताणून दाखवतोय, रिमोटवर अस्पेक्ट रेशो बदला. सेट टॉप बॉक्स अजून लाल-पिवळ्या-पांढऱ्या वायरीनं जोडला असेल तर ती काढून एचडीएमआय लावा, साधी स्वस्त केबल चालते, दोन मीटरसाठी महाग घ्यायची गरज नाही.

आवाजाचं असं की पातळ टीव्हीचे स्पीकर खाली किंवा मागं तोंड करून असतात. साउंडमध्ये क्लिअर व्हॉइस असा पर्याय असला तर लावा. नाही भागलं तर साउंडबार, म्हणजे टीव्हीखाली ठेवायचा लांबट स्पीकर, तो टीव्हीमागच्या एआरसी लिहिलेल्या एचडीएमआयला जोडा म्हणजे एकाच रिमोटनं आवाज कमी-जास्त होतो, बाबांना दोन रिमोट नकोतच.

रामबागहून: स्क्रीन कशानं पुसू?

बंद करून, थंड झाल्यावर, कोरड्या मऊ मायक्रोफायबरनं. डाग असेल तर कापड साध्या पाण्यानं जरासं ओलसर करून. आरसा पुसायचा स्प्रे, थिनर, कागद नको, आणि काहीही थेट स्क्रीनवर मारू नका, ओघळ खाली जाऊन कडेच्या पट्टीत शिरतो.

परदेशीपुऱ्याहून: जुना डबा टीव्ही भंगारवाला न्यायला तयार आहे, देऊ का?

असाच नका देऊ. तो तांब्यासाठी पिक्चर ट्यूब फोडतो, त्या काचेत शिसं असतं, आणि आत निर्वात असल्यामुळे फुटताना तुकडे उडतात. मागचं झाकण तर घरी कोणीच उघडू नका, प्लग काढल्यावरही आत चार्ज राहतो, ही गोष्ट नवीन टीव्हीच्या पॉवर सप्लायलाही लागू आहे. एक्स्चेंजमध्ये दुकानात द्या, नाहीतर नगर निगमच्या कचरा गाडीत आपल्याकडे ई-कचऱ्याचा वेगळा कप्पा असतोच, पण टीव्हीएवढी मोठी वस्तू असेल तर आदल्या दिवशी गाडीवाल्यांना सांगून ठेवा म्हणजे ते सोय सांगतील. आणि बाकीच्यांनी, जे जुना स्मार्ट टीव्ही देताय, त्यांनी आधी सेटिंगमधून फॅक्टरी रीसेट मारा, नाहीतर तुमचे सगळे अकाउंट लॉगिन केलेल्या अवस्थेतच दुसऱ्याच्या घरी जातील.