‘टप्प्याबाहेर गेला की’ का ‘जाऊ लागला की’?

प्रश्न असा आहे: ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स या भूमिका वठवायच्या खेळाच्या पाचव्या आवृत्तीतले लढाईचे नियम आमच्या गटासाठी मराठीत उतरवतोय. ऑपर्च्युनिटी अटॅकपाशी लिहिलं, “शत्रू टप्प्याबाहेर गेला की त्याच्यावर एक वार करता येतो.” एक खेळाडू अडून बसलाय, बाहेर गेल्यावर वार पोचणार कसा? वाक्य चुकलं का नियम?’

वाक्य. खेळाडूचं मराठी पक्कं आहे.

‘की’च्या आधी ‘गेला’, ‘थांबला’ असं रूप आलं, तर ती क्रिया आधी पुरी होते आणि मग पुढची. ‘पाऊस थांबला की निघू’ म्हणणारा भर पावसात निघत नाही. मूळ इंग्रजी क्रियापद साध्या वर्तमानकाळात आहे, त्यातून हे कळत नाही. म्हणून २०१४च्या प्लेअर्स हँडबुकला, म्हणजे खेळाच्या नियमपुस्तकाला, वेगळं वाक्य जोडावं लागलं, की हा वार शत्रू टप्प्याबाहेर पडण्याच्या अगदी आधी होतो. मराठीत ते काम ‘लागणे’ करतं: ‘जाऊ लागला की’. ‘जाताना’ बोलण्यात खपेल, पण वाटेत नेमकं कुठे, हा वाद उरेलच.

पटावर बघा. गॉब्लिन तुमच्या शेजारच्या चौकटीत आहे, तुमचा टप्पा ५ फूट. तो पळायला निघाला, तुमचा वार बसला आणि तो मेला, तर मुडदा त्याच शेजारच्या चौकटीत पडतो. सेंटिनल हे फीट (पात्राने मिळवलेलं खास कसब) असेल तर वार बसताच गॉब्लिनचा वेग त्या पाळीपुरता शून्य होतो, म्हणजे तो तुमच्या हाताशीच खिळतो. ‘गेला की’ धरलं तर तो टप्प्याबाहेर खिळेल, मग फीट घेऊन मिळवलं काय?

‘गेला की’ टाकून मात्र देऊ नका. रेडी अॅक्शनला (आधी अट ठरवून, ती घडली की करायची कृती) तेच हवं. ‘दार उघडलं की बाण सोडतो’ असं ठरवलंत, तर २०१४च्या नियमाप्रमाणे दार उघडून झाल्यावरच बाण सुटतो. दोन्ही रिअॅक्शनच (समोर काही घडलं की दिलेलं झटपट उत्तर), पण एक क्रियेच्या आधी, एक नंतर. टेबलावरचे निम्मे वाद या दोहोंची सरमिसळ केल्यानेच होतात, असं माझं मत.

आता ‘बाहेर पडणे’. हे आणखी फसवं. घरातून बाहेर पडणारा स्वतःच्या पायांनी जातो, खिडकीतून बाहेर पडणारा बहुधा नाही. नियमाला हा फरक हवा आहे: कोणी ढकलून टप्प्याबाहेर नेलेल्यावर किंवा टेलिपोर्ट झालेल्यावर हा वार करता येत नाही. म्हणून ‘पडणे’ टाळा, ‘निघणे’ घ्या. ढकललेला माणूस ‘निघाला’ असं कोणी म्हणत नाही.

‘टप्पा’ छान निवडलात. ‘पल्ला’ बाणासाठी राखून ठेवा.

मी असं लिहीन (डिसएंगेज म्हणजे असा वार टाळून बाजूला होण्याची कृती): ‘दिसत असलेला शत्रू डिसएंगेज न करता, आपल्या चालीने तुमच्या हाताच्या टप्प्याबाहेर निघू लागला, की तो बाहेर पोचण्याआधी रिअॅक्शन खर्चून जवळचा एक वार करता येतो.’

नावाचं म्हणाल, तर ‘निसटता वार’ नको. त्याचा अर्थ चाटून गेलेला वार असा होतो, आणि हा तर पुरा लागतो. ऑपर्च्युनिटी अटॅकच राहू द्या.