कुणी, कुणापुढे, कधी

बाळा,

परवा कुपवाडच्या टपरीवर तू दोन निवाड्यांच्या झेरॉक्स माझ्यापुढे ठेवल्यास. एकात जेवणाची अर्ध्या तासाची सुट्टी आठ तासांच्या पाळीत धरलेली, दुसऱ्यात ती वेगळी. "काका, खरा कुठला?" असं विचारलंस, पण बोट आपल्याच युनियनच्या कागदावर ठेवून. रात्रभर ते बोट डोळ्यांपुढून हललं नाही, म्हणून लिहितोय.

कुणी, कुणापुढे, कधी. कागदात आधी हे तीन शोध. मजकूर नंतर, झेंडा त्याच्याही नंतर.

कारखाना कायद्यात उत्तर शोधत बसू नकोस. १९४८ चा तो कायदा, २०२५ मध्ये नव्या संहितेनं त्याची जागा घेईपर्यंत, आठवड्याचे ४८ तास सांगायचा, दिवसाचे ९ सांगायचा, सलग पाच तासांपेक्षा जास्त काम नको म्हणून अर्धा तास विश्रांती सांगायचा. त्या अर्ध्या तासाचा पगार द्यायचा की नाही, हे नाही सांगायचा. ते करारावर आणि निवाड्यावर ठरतं.

मी लेथवर होतो तेव्हा आमच्याकडेही दोन युनियन होत्या. मान्यता कुणालाच नव्हती. मी मालकाशी आपसात करार केला, सुट्टी पाळीत धरून घेतली. गेटवर गुलाल उधळला. समेट अधिकाऱ्यापुढे, म्हणजे तडजोड घडवणाऱ्या सरकारी माणसापुढे, सह्या करा, असं वकील कळवळून सांगत होते. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात असा आपसातला करार सह्या करणाऱ्यांपुरताच. समेटात झालेला करार किंवा न्यायाधिकरणाचा निवाडा मात्र सगळ्यांना लागू, उद्या भरती होणाऱ्या पोरालासुद्धा. कुणापुढे, हेच मी बघितलं नाही. पुढं दुसऱ्या युनियनच्या वादात निवाडा आला, सुट्टी पाळीबाहेर गेली, आणि तो आमच्याही माणसांना लागला. आठवड्याचे तीन तास गेले. पहिल्या दिवशी आमची माणसं सवयीनं तीनला भुसा-साबणानं हात धुऊन उभी राहिली. भोंगा साडेतीनला वाजला. त्या अर्ध्या तासात माझ्याकडे एकानंही बघितलं नाही.

त्या युनियननं आधी एकत्र बसायला बोलावलं होतं. मी गेलो नव्हतो.

तरी सही केली ती चूक, असं मी आजही म्हणणार नाही. दोन महिने पगार नव्हता, वाण्यानं उधारी बंद केली होती. समेटाच्या तारखांवर तारखा पडल्या असत्या तर माणसं टिकली नसती. सही बरोबरच होती. तीच घेऊन दुसऱ्या दिवशी समेट अधिकाऱ्याकडे जायला हवं होतं, तेवढं चुकलं.

आता तुझं. दोन्ही निवाडे १९४७ च्याच कायद्याखालचे आहेत, २०२५ मध्ये नवी संहिता लागू व्हायच्या आधीचे. दोन्हींत कारखान्यातली खाती तीच आहेत का, ते बघ. मग तारखा लाव. निवाड्याचं वर्ष संपलं म्हणून तो संपत नाही. तो संपवायची रीतसर नोटीस देऊन दोन महिने उलटेपर्यंत तो बांधून ठेवतो. पहिल्याची नोटीस कुणी दिली? कधी? दिलीच नसेल तर दुसरा वाद उभा कसा राहिला, हे विचारायला जागा आहे. अर्थाबद्दलच शंका असेल तर ती सरकारमार्फत न्यायालयाकडे पाठवायची सोय त्याच कायद्यात, कलम ३६-अ मध्ये होती; आता ती कशी, ते वकिलांना विचार. हे सगळं सोडून तू गेटसभेची तारीख काय काढतोस?

नोटिशीची प्रत असलीच तर तुमच्याकडच्या दुसऱ्या युनियनच्या सेक्रेटरीकडे असणार. उद्या पहिली पाळी सुटली की त्यांच्या ऑफिसात जा. एकटा जा. चहा दिला तर घे, आणि प्रत माग. मग तिन्ही कागद घेऊन रविवारी घरी ये.

तुझा,
काका