अंडी किती गेली, आणि केव्हा?

सप्रेम नमस्कार.

तुझा आराखडा वाचला. समुद्रपक्ष्यांच्या वसाहतीतून किती अंडी उचलली गेली याचा हिशेब तू चोख मांडला आहेस, मात्र तेवढ्यालाच नुकसान समजू नकोस. ‘पक्षी पुन्हा अंडे घालतोच’ असे अंडी गोळा करणारे सांगतात. ते खोटे नाही, म्हणूनच नीट तपासायला हवे.

मर हा समुद्रपक्षी (नावावर मराठी माणूस दचकतो खरा) घरटे न बांधता उघड्या कड्यावर एकच अंडे घालतो. ते गेले तर साधारण दोन आठवड्यांनी दुसरे येते, पण पिल्लूही तितकेच उशिरा बाहेर पडते आणि अशा उशिराच्या पिल्लांपैकी बहुधा कमीच तगतात. कुरवांचे (इंग्रजीत ‘गल’) गणित वेगळे आहे. अलास्कातील ग्लेशियर बे येथील हूना त्लिंगित लोक परंपरेने एक किंवा दोनच अंडी असलेल्या घरट्यांतून अंडी घेत आणि तीन असलेली घरटी सोडून देत, कारण तीन पुरी होण्याआधी अंडे गेल्यास मादी सहसा आणखी घालते, तर उबवणे सुरू झाल्यावर तिची ती तयारी ओसरते.

याच्या नेमके उलट कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळील फॅरलॉन बेटांवर घडले. 1849 नंतर सोन्यामागे सॅन फ्रान्सिस्कोत माणसांचा लोंढा आला, कोंबड्या मात्र थोड्याच होत्या, म्हणून या बेटांवरची मरची अंडी शहरात विकली जाऊ लागली. अंडीवाले आधी कड्यांवरची सगळी अंडी फोडून टाकत, म्हणजे पुढच्या खेपेला मिळतील ती ताजीच. माणूस दिसताच मर एकदम उडत, कडेची अंडी घरंगळत खाली जात आणि टपून बसलेल्या कुरवा उरलेल्यांवर झडप घालत, ती अंडी कुणाच्याच वहीत चढत नसत. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लाखोंची वसाहत काही हजारांवर आली होती.

म्हणून तुझ्या तक्त्यात तारीख, खेपांची संख्या आणि कड्यावरून उतरलेल्या पिल्लांची मोजणी असे तीन रकाने वाढव. केवळ प्रौढ पक्षी मोजून वसाहत सुखरूप असल्याचे मीही एके काळी लिहून बसलो आहे. मर वीस वर्षांहून अधिक जगू शकतो आणि साधारण चार-सहा वर्षांचा झाल्यावर विणीला लागतो, त्यामुळे पिल्ले निघेनाशी झाली तरी कडे बराच काळ भरलेलेच दिसतात.

मोजणी समोरच्या कड्यावरून, दुर्बिणीनेच कर. तू जवळ गेल्यावर उडालेला पक्षी आणि अंडीवाल्यामुळे उडालेला पक्षी, यांत कुरव काही फरक करत नाही.

सुधारलेला तक्ता वीण सुरू होण्यापूर्वी पाठव.