मारुती ८००चं हेड गॅस्केट घरी बदलताना

रेडिएटरमध्ये बुडबुडे आणि डिपस्टिकवर (ऑइल मोजायच्या पट्टीवर) दुधाळ ऑइल, म्हणजे हेड (इंजिनचा वरचा भाग) आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं सील, अर्थात हेड गॅस्केट, गेलंच असावं. तीन सिलिंडरचं, ७९६ सीसीचं इंजिन आहे. शिकायला याहून सोपं क्वचितच मिळेल. फक्त पूर्ण थंड होईपर्यंत पाना लावू नकोस. हेड ॲल्युमिनियमचं आहे, गरम असताना खोललं तर वाकतं. टायमिंगच्या खुणा (क्रँक आणि कॅमशाफ्टचा मेळ दाखवणाऱ्या) जुळवून फोटो काढ, मगच टायमिंग बेल्ट उतरव. हेडचे बोल्ट कडेकडून मध्याकडे, थोडे थोडे सोड.

खरं काम हेड उतरल्यावरच. त्यावर सरळ पट्टी उभी, आडवी, तिरकी ठेवून खाली फिलर गेज (ठरावीक जाडीच्या पातळ पानांचं मापक) घालून बघ. ०.०५ मिमीचं पान शिरलं, तर हेड फेसिंगला (मशीनवर सपाट करायला) द्यायचं. दोन पैसे वाचवायला हे टाळणारे लवकरच पुन्हा तेच खोलत बसतात! बोल्टांच्या भोकांतलं तेल-पाणी टिपून घे, नाहीतर टॉर्क (आवळण्याचा जोर) खोटा लागतो.

आवळताना मध्यापासून बाहेर, टप्प्याटप्प्याने, आकडा मॅन्युअलमधला. टॉर्क रेंच नसेल तर ओळखीच्या गॅरेजमधून मागून आण, हाताच्या अंदाजावर जाऊ नकोस. ऑइल, फिल्टर, कूलंट नवीनच घाल. आणि गाडी मुळात तापली कशाने? थर्मोस्टॅट, पंखा, वॉटर पंप आताच तपास.